फेरिटिन वाढलेलं, लोह मात्र संपलेलं

चौथ्यांदा रक्त काढून तीन आठवडे झाले होते. माझ्या एक रुग्ण माझ्यासमोर बसल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "डॉक्टर, हल्ली मला सारखा बर्फ खावासा वाटतो. फ्रीजमधला ट्रे दिवसातून दोनदा रिकामा करते मी." मी उठून त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. आतली बाजू जवळजवळ पांढरी होती. जिभेचा रंगही उतरलेला.

बर्फ चघळण्याची ओढ हे शरीरात लोह कमी पडल्याचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. आणि मी तर या बाईंच्या अंगात लोह फार साठलंय असं समजून त्यांचं रक्त काढत होतो.

हे प्रकरण मी लिहितोय ते मुख्यतः अशा डॉक्टरांसाठी आणि रुग्णांसाठी, ज्यांच्या हातात चार आकडी फेरिटिनचा (लोह साठवून ठेवणारं प्रथिन, ज्याच्यावरून शरीरातला लोहाचा साठा जोखतात) रिपोर्ट आहे आणि बाकी सगळं ठीकठाक आहे. ओळख पटू नये म्हणून वैयक्तिक तपशील बदलले आहेत.

सुरुवात कशी झाली

बाईंचं वय ३८, शाळेत शिकवतात. थकवा जाणवत होता म्हणून नेहमीच्या रक्ततपासण्या झाल्या आणि त्यात फेरिटिन आलं १६४० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. या वयाच्या स्त्रियांमध्ये ते साधारण दीडशे-दोनशेच्या आत असतं. हिमोग्लोबिन १३.१. यकृताची एन्झाइम्स नॉर्मल, दाह दाखवणारी सीआरपी नॉर्मल, सोनोग्राफीत काही नाही, दारू नाही, मधुमेह नाही.

फेरिटिन वाढण्याची कारणं पुष्कळ आहेत. अंगात कुठे दाह असेल, संसर्ग असेल, यकृतात चरबी असेल, दारूचं व्यसन असेल, कर्करोग असेल तरी ते वाढतं. प्रत्यक्षात लोह जास्त झाल्यामुळे वाढलेलं फेरिटिन हा त्यातला लहानसा हिस्सा. इथे यातलं काहीच सापडलं नाही, तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी एचएफई या जनुकाची तपासणी करून घेतली. आतड्यातून लोह बेसुमार शोषलं जाऊन अवयवांत साठण्याचा जो आनुवंशिक आजार आहे, हिमोक्रोमॅटोसिस, त्याचं हे सगळ्यात परिचित जनुक. त्यात एच६३डी नावाचा बदल जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीत मिळाला. हा बदल पुष्कळ निरोगी माणसांत असतो आणि एकाच प्रतीत असेल तर त्याने सहसा काही बिघडत नाही. पण १६४० या आकड्याला कारण हवं होतं, आणि कागदावर एक कारण मिळालं होतं. फाइलवर 'हिमोक्रोमॅटोसिस' असा शिक्का बसला, आणि त्या आजाराचा उपचार म्हणजे ठरावीक दिवसांनी रक्त काढणं, तो सुरू झाला.

दोनदा रक्त काढून झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या. मी फाइल वाचली, निदान आधीच झालेलं होतं, आणि मी तिसऱ्या आणि चौथ्या वेळेच्या कागदावर सही केली. ही चूक माझी आहे आणि तिचा नेमका धागा सांगायला हवा. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने किती भरलंय त्याचं प्रमाण, होतं २४ टक्के, म्हणजे अगदी नॉर्मल. ते मी पाहिलं होतं. 'आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल' अशी मी मनाची समजूत घातली. वास्तविक एचएफईच्या आजारात क्रम उलटा असतो. आधी सॅच्युरेशन चढतं, ४५ टक्क्यांच्या वर जातं, आणि मग वर्षानुवर्षांनी फेरिटिन वाढत जातं. फेरिटिन हजाराच्या पुढे आणि सॅच्युरेशन २४, ही जोडीच त्या आजाराच्या हिशोबात बसत नाही.

हिशोब

बर्फाचं ऐकल्यावर मी त्याच दिवशी पुन्हा रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन १०.१. तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान ७४, म्हणजे पेशी लहान झालेल्या. सॅच्युरेशन ७ टक्के. फेरिटिन १५७०.

त्या संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो. नॉर्मल माणसात मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅम फेरिटिन म्हणजे ढोबळमानाने ८ मिलिग्रॅम साठलेलं लोह धरतात. १६४० ला ८ ने गुणलं की १३ ग्रॅम होतात. संपूर्ण निरोगी शरीरात मिळून लोह असतं जेमतेम ३ ते ४ ग्रॅम. १३ ग्रॅम साठा असलेल्या माणसाच्या यकृताची एन्झाइम्स इतकी शांत राहतील का, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडायला हवा होता.

दुसरी बाजू अशी. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. १३.१ हिमोग्लोबिन असताना ४५० मिलिलिटर रक्त काढलं की शरीरातून साधारण २०० मिलिग्रॅम लोह जातं. पुढच्या खेपांना रक्त पातळ होत गेलं, तसं थोडं कमी. चार वेळा मिळून आम्ही सुमारे ७५० मिलिग्रॅम काढलं होतं. तेवढ्यात त्यांचा साठा संपला आणि हिमोग्लोबिन तीनने उतरलं. हिमोग्लोबिनची ही घट लोहात मोजली तर चारशे मिलिग्रॅमच्या आसपास येते. त्या दिवसांत आतड्यातून शोषलेलं थोडं लोह सोडलं, तर उरतात तीनशे. तीनशे मिलिग्रॅम हा त्यांचा खरा साठा होता, एखाद्या निरोगी स्त्रीचा असतो तितकाच. फेरिटिन सांगत होतं १३ ग्रॅम, आणि रक्त सांगत होतं जेमतेम तीनशे मिलिग्रॅम.

नंतर खात्रीसाठी यकृताचा एमआरआय लोह मोजण्याच्या पद्धतीने केला. यकृतात जादा लोह नव्हतं.

पहिल्या पानावरची ओळ

फाइल मी पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतली. 'पूर्वीच्या शस्त्रक्रिया' या रकान्यात लिहिलं होतं: मोतीबिंदू, उजवा डोळा २९ व्या वर्षी, डावा ३१ व्या वर्षी.

दोन्ही डोळ्यांत, तिशीच्या आसपास. मी फोन केला. मोतीबिंदूचं कारण तेव्हा काय सांगितलं होतं, ते विचारलं. "लहानपणी दम्यासाठी स्टेरॉइड घेतलं असेल म्हणाले. पण मला दमा कधी नव्हताच," त्या म्हणाल्या. आणि घरात आणखी कुणाला? "आईला चाळिशीत झाला. मामालाही लवकरच झाला. आमच्या आईकडे डोळे कच्चेच." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मामाचंही रक्त काढतात, डॉक्टर. कितीतरी वर्षं."

फेरिटिन खूप जास्त, सॅच्युरेशन नॉर्मल किंवा कमी, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या लहान वयातला मोतीबिंदू. या तीन गोष्टी एकत्र आल्या की एकच नाव पुढे येतं: आनुवंशिक हायपरफेरिटिनेमिया-मोतीबिंदू सिंड्रोम. १९९५ साली फ्रान्स आणि इटलीतल्या संशोधकांनी तो वेगवेगळ्या कुटुंबांत ओळखला, आणि त्याचं मूळ त्याच वर्षी सापडलं: १९ व्या गुणसूत्रावरच्या एफटीएल या जनुकात.

कोठी, आणि तिचं कुलूप

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळी गंमत इथेच आहे आणि ती कळली की वरचा गोंधळ आपोआप सुटतो.

मोकळं लोह पेशीला घातक असतं. ते ऑक्सिजनशी झटपट अभिक्रिया करून पेशीच्या आवरणाला आणि डीएनएला इजा करतं. म्हणून पेशी ते एका पोकळ प्रथिनात बंद करून ठेवते. हेच फेरिटिन. १९३७ मध्ये चेक शास्त्रज्ञ विलेम लाउफबर्गर यांनी ते घोड्याच्या प्लीहेतून वेगळं केलं. २४ साखळ्या एकमेकींना जुळून सुमारे १२ नॅनोमीटर व्यासाचा एक गोल बनतो आणि आतल्या पोकळीत लोहाचे साडेचार हजारपर्यंत अणू मावतात. हीच लोहाची कोठी.

साखळ्या दोन जातींच्या. एच-साखळी ११ व्या गुणसूत्रावरच्या एफटीएच१ या जनुकातून येते. ती लोहाचं ऑक्सिडीकरण करून ते आत घ्यायला मदत करते. एल-साखळी एफटीएलमधून येते. तिच्याकडे ऑक्सिडीकरणाची क्षमता नाही, आत आलेलं लोह नीट खनिजाच्या रूपात बसवणं हे तिचं काम. हृदयात एच जास्त, यकृतात आणि प्लीहेत एल जास्त.

आता कोठी किती बांधायच्या हे पेशी कसं ठरवते? एफटीएलवरून निघालेल्या एमआरएनएच्या (जनुकाची नक्कल, जी वाचून प्रथिन बनतं) सुरुवातीला, प्रथिनाची कृती जिथून लागते त्याच्या बरंच आधी, सुमारे ३० अक्षरांचा एक तुकडा स्वतःवरच दुमडून केसांच्या आकड्यासारखा उभा राहतो. त्याच्या टोकाला सहा अक्षरांचं एक वेटोळं असतं. लोहाला प्रतिसाद देणारा हा तुकडा १९८७ मध्ये ओळखला गेला. पेशीत लोह कमी असलं की आयआरपी नावाची प्रथिनं येऊन या वेटोळ्याला घट्ट धरतात आणि पुढचं वाचन बंद पडतं. ठेवायला लोह नाही, मग कोठी कशाला. लोह वाढलं की ही प्रथिनं सुटतात आणि फेरिटिन तयार होऊ लागतं. यातलं आयआरपी१ तर लोह मिळालं की लोह-गंधकाचा एक पुंजका अंगावर घेऊन चक्क वेगळंच काम करणारं एन्झाइम बनतं. एकच प्रथिन कुलूपही आणि लोह मोजणारा काटाही. इतकी वर्षं शिकवूनही मला याचं अप्रूप कमी झालेलं नाही.

त्या वेटोळ्यातलं एक अक्षर बदललं तर आयआरपीची पकड बसत नाही. कुलूप लागतच नाही. पेशीत लोह असो वा नसो, एल-साखळ्या बनतच राहतात. दोन प्रतींपैकी एकच प्रत बिघडलेली पुरते, म्हणून पुढच्या प्रत्येक मुलात हा बदल उतरण्याची शक्यता निम्मी. या जादा साखळ्या बहुतांशी नुसत्या एकमेकींशीच जुळतात. एचविना त्यांना लोह नीट आत घेता येत नाही, म्हणून कोठी वाढतात पण लोह साठत नाही. रक्तात उतरलेलं फेरिटिन तर असंही लोहाने जवळजवळ रिकामंच असतं. १९७२ पासून रक्तातलं फेरिटिन मोजता येऊ लागलं आणि ते साठ्याशी इतकं जुळत गेलं की आपण आकडा पाहून सरळ 'लोह' वाचायला लागलो. तपासणी मात्र प्रथिनच मोजते. लोह मोजत नाही.

मग डोळाच का? भिंगाला रक्तपुरवठा नसतो, आणि आतल्या तंतुपेशी आपलं केंद्रक टाकून देऊन जन्मभर तिथेच राहतात. यकृताची पेशी जादा प्रथिन मोडून टाकते, भिंगात एकदा साठलेलं बाहेर जायला वाट नाही. एल-फेरिटिनचे बारीक स्फटिक तयार होतात आणि प्रकाश विखुरतात. बाकीचं शरीर निरोगी राहतं.

जनुकाची तपासणी आणि एक फसगत

जनुकांच्या पॅनेलची तपासणी पाठवली. रिपोर्ट आला: 'एफटीएलमध्ये आजारकारक बदल आढळला नाही.' मी प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञांना फोन लावला.

"तुम्ही एफटीएलचा पाच-प्राइम यूटीआर वाचला का?"

"नाही. या पॅनेलमध्ये फक्त प्रथिनाचा मजकूर असलेले भाग आणि त्यांच्या कडा येतात."

पाच-प्राइम यूटीआर म्हणजे एमआरएनएचा मजकुराआधीचा भाग, ते कुलूप तिथेच असतं. ज्या तुकड्यात बिघाड असतो तोच तुकडा तपासला नव्हता, आणि रिपोर्ट मात्र निर्दोष आला होता. या आजारात हे वारंवार घडू शकतं, कारण कुलूप प्रथिनाच्या मजकुराच्या बाहेर आहे. तेवढाच भाग वेगळा वाचून घेतला. एमआरएनएच्या ४० व्या जागी 'ए' च्या ऐवजी 'जी' होता. वेटोळ्यातलं दुसरं अक्षर. १९९५ मध्ये पॅरिसच्या कुटुंबात सापडलेला बदल हाच, म्हणून त्याला 'पॅरिस-१' म्हणतात. शेजारच्या ४१ व्या अक्षराचा बदल इटलीत सापडला, तो 'व्हेरोना-१'.

रिपोर्ट हातात आल्यावर त्या दोन दिवसांनी माझ्याकडे आल्या त्या रडवेल्या होऊन. जनुकाचं नाव शोधून त्यांनी वाचलं होतं की एफटीएलमधल्या बिघाडाने मेंदूत लोह साठतं, हातपाय वेडेवाकडे हलू लागतात. "मला हे होणार आहे का? माझ्या मुलीला?"

तो आजार खरा आहे. न्यूरोफेरिटिनोपॅथी. २००१ मध्ये इंग्लंडच्या कंब्रिया भागातल्या कुटुंबांत त्याचं जनुक कळलं आणि ते एफटीएलच निघालं. पण तिथे बिघाड जनुकाच्या दुसऱ्या टोकाला, प्रथिनाच्या मजकुरात आहे. एक जादा अक्षर घुसल्यामुळे साखळीचं शेपूट बदलतं, कोठीची भिंत सैल होते, लोह गळतं आणि मेंदूच्या आतल्या गाभ्यांमध्ये साचतं. त्या रुग्णांचं रक्तातलं फेरिटिन बहुधा कमी असतं. बाईंच्या शरीरात बनणारी एल-साखळी अक्षर न् अक्षर बरोबर आहे, फक्त जास्त बनते. मी कागदावर जनुकाची एक लांब रेघ काढली, डाव्या टोकाला एक फुली आणि उजव्या टोकाला दुसरी. "तुमची फुली ही, डावीकडची," असं म्हणून पेन त्यांच्या हातात दिला. त्यांनी उजवीकडची फुली स्वतः खोडली. शिकवणाऱ्या बाई, रेघ दिसल्याशिवाय पटणार नव्हतं.

त्यानंतर

रक्त काढणं अर्थातच थांबलं. लोहाच्या गोळ्या दिवसाआड सुरू केल्या. फेरिटिन १५०० च्या वर असलेल्या रुग्णाला लोह लिहून देताना औषधाच्या दुकानातून फोन येईल हे मला माहीत होतं, म्हणून चिठ्ठीवरच कारण लिहिलं. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.८ आणि सॅच्युरेशन २२ झालं, मग गोळ्या बंद केल्या. बर्फाची ओढ तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच गेली. फेरिटिन तेव्हा १६८० होतं आणि यापुढेही असंच राहील. त्यांच्या बाबतीत लोह कमी आहे की जास्त, हे ठरवायला तो आकडा कायमचा निरुपयोगी आहे. सॅच्युरेशन आणि हिमोग्लोबिन पाहायचं.

त्यांच्या भावाचं फेरिटिन ४५ आलं. त्याच्यात बदल नाही, त्याच्या मुलांचा प्रश्न मिटला.

मामांचं वय ६३. त्यांच्या डॉक्टरांना मी सविस्तर पत्र लिहिलं आणि फोनही केला. त्यांनी मोकळेपणाने ऐकून घेतलं आणि तपासणी पाठवली. बदल तोच. हिमोग्लोबिन ९.२. दम लागतो, चालवत नाही, हे सगळं मामा कित्येक वर्षं वयावर आणि आजारावर ढकलत आले होते. त्यांची रक्त काढण्याची पुढची तारीख ठरलेली होती, ती रद्द झाली.

मी त्यांना आणि बाईंना एकेक कार्ड टाईप करून दिलं, पाकिटात ठेवायला: 'फेरिटिन आनुवंशिक कारणाने जास्त आहे. शरीरात लोह जास्त नाही. फेरिटिनवरून रक्त काढू नये.' दवाखाना बदलतो, डॉक्टर बदलतात, आणि १६०० चा आकडा पाहून कुणीतरी पुन्हा तिथूनच सुरुवात करतं.

राहिली मुलगी, ११ वर्षांची. तिचं रक्त घ्यायच्या आधी आम्ही डोळे तपासून घेतले. बाईंची दोन्ही भिंगं शस्त्रक्रियेत कधीच निघून गेली होती, त्यामुळे हा मोतीबिंदू दिसतो कसा हे आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. नेत्रतज्ज्ञांनी स्लिट लॅम्पचं, म्हणजे प्रकाशाची बारीक फट टाकून डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राचं, चित्र पडद्यावर घेतलं. काळ्या बाहुलीमध्ये भिंग पारदर्शकच होतं, पण त्यात सगळीकडे बारीक पांढरे ठिपके विखुरलेले, टेबलावर पाव कुस्करल्यावर पडतो तसा चुरा. मधल्या भागात दाट, कडेला विरळ. प्रकाशाची फट सरकली की एकेक ठिपका चमकून विझायचा. बाई पडद्यासमोर उभ्या होत्या. "माझ्याही डोळ्यांत असंच होतं?" त्यांनी विचारलं. असंच, नेत्रतज्ज्ञ म्हणाले.

नजर तपासायचा तक्ता मुलगी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होती. आत्ता शस्त्रक्रियेची गरज नाही. नजर अडू लागेल तेव्हा, कदाचित पुष्कळ वर्षांनी, भिंग बदलता येईल. मी तिला सहज विचारलं, रात्री गाडीचे दिवे कसे दिसतात. ती म्हणाली, "फुटतात. मधून रेघा निघतात." आणि आईकडे वळून, "तुला पण असंच दिसायचं ना? मला वाटलं सगळ्यांनाच दिसतं."

वर्गात तिची जागा खिडकीसमोरून हलवायची, उन्हात टोपी घालायची आणि वर्षातून एकदा याच यंत्रावर फोटो घ्यायचा, एवढं ठरलं. पहिला फोटो फाइलच्या पहिल्या पानावर लावला आहे.